दोन्हीकून आठ-आठ

कंप्युटर बंद पडला की माणसं माझ्या दुकानात येऊन खालच्या आवाजात बोलतात. आतल्या खोलीत कोणी आजारी निजलं असावं तशी. अमरावतीत हे दुरुस्तीचं काम करता करता माझे केस पिकले, पण या आवाजाची मला अजून गंमत वाटते. "कालपर्यंत चांगला होता जी," हे पहिलं वाक्य. "आमी काहीच केलं नाई," हे दुसरं. मग चहा होतो, इकडचं तिकडचं होतं, आणि उठता उठता तिसरं येतं, "म्हणजे, पोट्ट्यानं जरासा उघडून पाहिला होता."

मेलेले म्हणून आलेले निम्मे कंप्युटर मेलेले नसतात. त्यांची मेमरी हललेली असते, मळलेली असते, किंवा कोणीतरी चुकीची बसवलेली असते. या मेमरीवरच मी लिहिणार आहे, कारण माझ्या सगळ्या कामात मला तिच्याइतकं नवल दुसऱ्या कशाचंच वाटलं नाही.

मुळात हा शब्दच घोळ करतो. मोर्शीचे एक संत्र्यांचे व्यापारी एकदा नुसती मेमरीची पट्टी रुमालात बांधून घेऊन आले. म्हणाले, "बाई, याच्यात आमच्या पोरीच्या लग्नाचे फोटो हायेत. तेवढे काढून द्या."

"काका, यात काहीच नाही."

त्यांचा चेहरा उतरला. "सगळे गेले?"

फोटो घरी, कंप्युटरच्या डब्यातल्या डिस्कवर, सुखरूप आहेत हे त्यांना पटवताना मला घाम फुटला. डिस्क म्हणजे घरातली कोठी. वर्षानुवर्षं माल भरून ठेवा. मेमरी म्हणजे ओटा. आत्ता जे शिजतं आहे तेवढंच त्यावर. वीज गेली की ओटा लख्ख, काही शिल्लक नाही. काकांनी ऐकून घेतलं आणि पट्टी परत रुमालात अगदी जपून बांधली. माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास बसला नव्हता.

पट्टी दिसते साधीच. वीतभरापेक्षा कमी लांब, दोन बोटं रुंद, हिरवी, वर काळ्या चौकोनी चिपा आणि खालच्या कडेला सोनेरी दात. पण दर काही वर्षांनी या पट्टीची नवी पिढी आली, आणि एका पिढीची पट्टी दुसरीच्या जागेत चालत नाही. विजेचा दाब वेगळा, वेग वेगळा. चुकून बसवली जाऊ नये म्हणून दातांच्या मधे एक खाच ठेवलेली असते, आणि दर पिढीत तिची जागा सरकवलेली असते. डब्यात सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डावरच्या खोबणीत त्याच जागी एक उंचवटा. खाच आणि उंचवटा जुळले तर पट्टी खटकन बसते, नाहीतर बसतच नाही. एका गृहस्थांनी मात्र न बसणारी पट्टी कानशीनं घासून तिला हवी तिथं नवी खाच पाडली होती. बसली. मग धूर निघाला. ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य हेच होतं, "आमी काहीच केलं नाई."

मी वलगावची. आमच्या घरी भाजीपाला आणि झेंडू. बाबा अमरावतीच्या बाजारात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि वांगी घेऊन यायचे, तसे एकदा बाजार आटोपून दुकानात आले. मी त्यांच्या हातावर एक पट्टी ठेवली आणि सांगितलं, "बाबा, या एवढ्याशा काळ्या चौकोनांत अब्जावधी घरं आहेत. एकेका घरात विजेचा एक कण, असतो किंवा नसतो. आणि सगळी घरं गळकी. सेकंदाला कितीतरी वेळा ती पुन्हा भरावी लागतात, नाहीतर सगळं विसरून जातात."

बाबांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "अन् हे भरते कोन?"

"आतल्या आत. आपोआप."

"बाप्पा!" म्हणाले, आणि पट्टी परत देताना दोन्ही हातांनी दिली. देवळात प्रसाद देतात तशी.

आता अकोल्याची गोष्ट सांगते.

अकोल्यात अंध मुलींचं एक लहानसं वसतिगृह आहे. लग्नाआधी मी अकोल्याच्या एका दुकानात काम शिकले, तेव्हापासून तिथं माझं जाणं-येणं. तिथले इंगळे सर जन्मापासून अंध. गणिताचे शिक्षक. निवृत्त झाले तरी वसतिगृहातली एक खोली त्यांनी सोडली नाही. त्या खोलीत त्यांचा जुना डेस्कटॉप आणि त्याला जोडलेलं ब्रेल छापायचं यंत्र. जाड कागदावर ते ठिपके उठवतं आणि खडखड इतकी करतं की शेजारच्या खोलीत बोलणं ऐकू येत नाही.

सरांचा फोन आला तो हिवाळ्यातल्या एका दुपारी.

"मॅडम, आपला कंप्युटर ओरडून राहिला."

"कसा ओरडतो, सर?"

"तुमीच ऐका." त्यांनी फोन डब्याला लावला. एक लांब शिट्टी, थोडं थांबणं, पुन्हा तशीच लांब शिट्टी. चालूच.

बोर्डाला बोलता येत नाही, म्हणून बिघाड सांगायला तो असा वाजतो. सरांचा बोर्ड माझ्या ओळखीचा होता आणि त्याच्या भाषेत या शिट्टीचा अर्थ एकच होता. मला माझी मेमरी सापडत नाही.

"सर, जवळ कोणी आहे का?" मी विचारलं. म्हणजे कोणी डोळस आहे का, असं मला म्हणायचं होतं.

त्यांना ते कळलं. "डोयस कोनी नाई. वसतिगृह पाहणाऱ्या मावशी गावाले गेल्या. पण वर्षा आहे. तिले सांगा, तिचे हात माह्यापेक्षा चांगले."

वर्षा दहावीत होती. तेल्हाऱ्याकडच्या एका गावची. आवाज एकदम ठणठणीत. मी सांगत गेले आणि ती करत गेली. आधी पिन काढ. मग चालू करायचं बटण दाबून आत उरलेली वीज जाऊ दे. डब्याचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण सरकव. आत पंखा लागेल, त्याच्या शेजारी उभी पट्टी, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे खटके.

"सापडली," ती म्हणाली. मी वाक्य संपवलंही नव्हतं.

खटके दाबून तिनं पट्टी काढली. सोनेरी दातांवर खोडरबर घासायला लावलं, हा आमच्या धंद्यातला पहिला उपाय. निम्म्या वेळा त्यानंच काम होतं. पुन्हा बसवली, पुन्हा तीच शिट्टी.

म्हणजे पट्टीच गेली होती. मला नवी घेऊन जायला हवी होती, आणि त्यासाठी ही कोणत्या पिढीची ते कळायला हवं होतं. एरवी मी गिऱ्हाइकाला फोटो पाठवायला सांगते.

"वर्षा, दातांच्या कडेला एक खाच आहे. मधोमध आहे की बाजूला?"

"बाजूले."

"किती बाजूला?"

तिनं बोटं लावून मोजलं. मग, "एकीकून तीन बोटं बसतात. दुसरीकून साडेचार."

मी माझ्या टेबलावरच्या वेगवेगळ्या पिढ्यांच्या पट्ट्या ओढल्या आणि बोटं लावून पाहिली. तिसऱ्या पिढीची पट्टी, डीडीआर थ्री म्हणतात ती, तिच्यावर अगदी तेवढीच बसली. एवढी वर्षं ही खाच मी डोळ्यांनी ओळखत आले. तिला बोटांचंही माप आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"मॅडम," सरांनी फोन घेतला, "लवकर या. पोरीचं गणित अडलं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. अशा मुलींना दहावीला पूर्ण गणिताऐवजी सोपं अंकगणित घ्यायची सवलत असते. वसतिगृहातल्या सगळ्या मुली ती घेत आल्या होत्या. वर्षानं घ्यायची नाही म्हणून सांगितलं. तिला पूर्ण बीजगणित आणि भूमिती हवी होती, कारण तिला पुढे गणितच शिकायचं होतं. मग सर कामाला लागले. पुस्तकातली एकेक ओळ कोणाकडून वाचून घ्यायची, कंप्युटरवर ब्रेलच्या खुणांत लिहायची आणि छापायची. भूमितीच्या आकृत्या ते पुठ्ठ्यावर दोरा चिकटवून करत. अर्धं पुस्तक झालं होतं. मार्चमध्ये परीक्षा.

"मोबाइलवर ऐकता येत नाही का?" मी विचारलं.

"इतिहास ऐकता येते, मॅडम. गनित कानानं नाई कयत. वरची ओय काय होती, खालची काय झाली, हे हाताखाली लागा लागते. तुमी नाई का, गनित कागदावर मांडत?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली. पर्समध्ये दोन कोऱ्या करकरीत डीडीआर थ्री पट्ट्या, पाकिटातल्या.

वर्षा दारातच उभी होती. उंच, सडपातळ, दोन वेण्या. मी "नमस्कार" म्हटल्याबरोबर तिनं माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि खोलीकडे चालू लागली. सर खुर्चीत बसले होते. चहा झाला, मी डबा उघडला. नवी पट्टी लावली. खाच जुळली, खटके बसले. मी बटण दाबलं.

लांब शिट्टी. थांबणं. लांब शिट्टी.

शेजारच्या खोबणीत लावून पाहिली. तेच. सोबत आणलेली दुसरी लावली. तेच. पिढी बरोबर, खाच बरोबर, पट्टी नवी, आणि बोर्ड म्हणत होता की मला मेमरी सापडत नाही. बोर्डच गेला असला तर संपलं होतं. ते छापायचं यंत्र जुन्या रुंद वायरनं जोडायचं. तशी जागा आताच्या कंप्युटरला नसतेच. आणि मराठी ब्रेलची सगळी घडी याच कंप्युटरवर कोण्या ओळखीच्या माणसानं बसवून दिली होती. तो केव्हाच परदेशी गेला होता.

वर्षानं हात पुढे केला. "मॅडम, नवी पाहू?"

मी पट्टी कडेनं धरून तिच्या हातात दिली. तिनं ती हलक्या बोटांनी चाचपली, मग टेबलावरची जुनी मेलेली पट्टी उचलली. एका हातात एक, दुसऱ्यात दुसरी.

"या जुनीले दोन्हीकून दाने हायेत," ती म्हणाली. "नवीची एक बाजू सपाट आहे. असं काहून?"

मी दोन्ही पट्ट्या घेऊन उजेडात धरल्या. जुनीवर दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा. नवीवर एकाच बाजूला आठ.

वाचकांना सांगते. पूर्वी एका चिपेत थोडी घरं मावत, म्हणून पट्टीवर जास्त चिपा लावाव्या लागत. आता एकाच चिपेत कितीतरी जास्त मावतात, म्हणून थोड्याच पुरतात. पण जुना बोर्ड जुन्या काळात बनलेला. इतक्या भरगच्च चिपेतली घरं मोजायची कशी, हे त्याला शिकवलेलंच नाही. पिढी तीच, खाच तीच, तरी तो या पट्टीला ओळखत नाही. हे मी शिकले होते, पण असे बोर्ड माझ्याकडे यायचे बंद होऊन इतका काळ लोटला होता की ते डोक्यातून पार निघून गेलं होतं.

"बोर्ड चांगला आहे," मी म्हटलं. "त्याला दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपांचीच पट्टी लागते."

"मंग आना न," वर्षा म्हणाली.

आणायची कुठून? मी अकोल्यातल्या ओळखीच्या दुकानांना फोन लावले. सगळ्यांकडे नव्या. शेवटी एकानं सांगितलं, गावाबाहेर रफीकभाईंच्या भंगारात पाहा, जुने कंप्युटर तिथंच फुटतात.

मी निघाले तर वर्षा चपला घालून तयार. सरांनी "जाऊ द्या, ती काही ऐकत नाई," एवढंच म्हटलं आणि मावशींना विचारून तिला पाठवलं. मावशी सकाळीच परतल्या होत्या.

रफीकभाई म्हणजे पांढऱ्या दाढीचे, भारदस्त गृहस्थ. पत्र्याच्या शेडमध्ये एकीकडे कुलर, एकीकडे पंखे, आणि मधे तोंड शिवलेली पोती. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं आणि मान हलवली.

"देर कर दी, बहनजी. मेमरीचा सगळा माल या बोऱ्यात भरला. दिल्लीले चालला. सोनं काढतात त्या दातांचं. गाडी जेवणानंतर निघून राहिली, बोरा शिवून झाला."

"भाई, आम्हाला एकच पट्टी हवी."

"एक पट्टी ढुंढायले पूरा बोरा खोलू? अन् तुमाले सापडन कशी? सगळ्या एकसारख्या."

"एकसारख्या नाईत, चाचा," वर्षा म्हणाली. "मले हातानं कयतात."

रफीकभाईंनी आता पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांनी मला डोळ्यांनीच विचारलं आणि मी मान डोलावली. मग खिशातून सुरी काढून त्यांनी पोत्याचा दोरा कापला आणि स्वतःच्या हातांनी उन्हात ताडपत्री अंथरली.

पोतं ओतलं तेव्हा पट्ट्यांचा तो आवाज! वाळलेल्या चिंचोक्यांची रास सांडावी तसा. शेकडो असतील, कदाचित हजारो. शाळांच्या, बँकांच्या, घराघरांतल्या. प्रत्येक पट्टीनं कधीतरी कोणाचं पत्र, कोणाचा हिशेब, कोणाचा खेळ काही घटका धरून ठेवलेला, आणि आता तिच्यात त्यातलं काहीही नाही. मी पाहतच राहिले. मग चष्मा पुसला आणि एकेक उचलून वरची अक्षरं वाचायला लागले. निम्म्यांच्या चिठ्ठ्या निघून गेल्या होत्या, उरलेल्यांची अक्षरं पुसट.

वर्षा माझ्यासमोर मांडी घालून बसली. मी तिला आधी प्रत्येक पिढीची एकेक पट्टी हातात दिली. ही पहिली आणि ही दुसरी, दोघींची खाच जवळजवळ मधे. ही तिसरी, तुझी. ही चौथी, हिच्या दातांची कड सरळ नाही, मधे किंचित फुगलेली. ही आखूड, लॅपटॉपची. तिनं प्रत्येकीवरून एकदा अंगठा फिरवला. दुसऱ्यांदा विचारलं नाही.

आणि मग तिचे हात सुरू झाले.

डाव्या हातानं उचलायची, उजव्या अंगठ्यानं खाच लागली की बाजूला टाकायची. खाच बरोबर असली तरच पट्टी उलटून पाठ पाहायची. तिच्या उजव्या हाताला नको त्या पट्ट्यांचा ढीग वाढत गेला. मी एक पट्टी वाचून खाली ठेवेपर्यंत तिच्या कितीतरी होत होत्या. थोड्या वेळानं मी वाचणं सोडून दिलं. तोंड उघडं टाकून बघत बसले, लहानपणी बाबांना अंधारातल्या वाफ्यात पाणी वळवताना बघायचे तशी. रफीकभाईंची माणसंही हातातलं काम टाकून आली. ताडपत्रीभोवती घोळका झाला, पण कोणी आवाज करत नव्हतं. गाडीवाला आला, त्यालाही रफीकभाईंनी हातानंच थांब म्हणून खूण केली.

मधेच तिचा हात थांबला. "मॅडम, ही दोन्हीकून भरली आहे. खाचही बरोबर. पण इच्यात आठ नाई, नऊ हायेत."

मी पट्टी हातात घेतली. मोठ्या कार्यालयांतल्या सर्व्हर यंत्रांची पट्टी. तिच्यावर चुका तपासायला एक चिप जास्त असते. खाच तीच असल्यानं ती डेस्कटॉपमध्ये बसते, पण कंप्युटर चालू होत नाही. भले भले दुकानदार त्यात फसतात. मी तिला या जातीबद्दल सांगायची विसरले होते.

"नऊवाली नको," मी म्हटलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"बरं. अशा आधी तीन गेल्या, त्याही मी टाकल्या. म्हटलं, मॅडमनं आठ सांगितल्या."

उन्हं डोक्यावर आली तेव्हा तिच्या मांडीवर सहा पट्ट्या जमल्या होत्या. सहाही दोन्हीकडून आठ-आठ. मी एकेक तपासली. एकही चुकली नव्हती.

रफीकभाईंनी पोतं परत भरायला घेतलं. निघताना त्यांनी वर्षाच्या डोक्यावर हात ठेवला. "बेटा, चाळीस साल झाले मले या भंगारात. आज पहिल्यांदा वाटलं का माल पाहिला."

वसतिगृहावर पोचलो तर सर तसेच खुर्चीत बसलेले, चहाचा कप न प्यालेला. पहिली पट्टी लावली. शिट्टी. ती मेलेली होती, भंगारच ते. दुसरी लावायच्या आधी मी तिचे दात खोडरबरनं घासले आणि बटण दाबलं.

एक आखूड टिक. बस, एकच. "सापडली" म्हणायची बोर्डाची हीच रीत.

पडदा उजळला, आणि थोड्या वेळानं कंप्युटरमधला तो सपाट, यंत्राचा मराठी आवाज बोलायला लागला. सर एकदम उठून उभे राहिले. मी इतके कंप्युटर चालू केले, पण कंप्युटर चालू झाला म्हणून माणूस उभा राहिलेला तेव्हाच पाहिला.

त्यांनी अर्धवट राहिलेलं पान छापायला सोडलं. खडखड सुरू झाली. कागद बाहेर येऊ लागला तशी वर्षा त्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि येणारी ओळ तिथंच, यंत्रातच, बोटाखाली घ्यायला लागली. सरांनी मात्र कागदाला हात लावला नाही. त्यांनी पंजा यंत्राच्या झाकणावर ठेवला होता.

"सर, तुम्ही नाही पाहत बरोबर आलं का?"

"मले नाई लागत आता, मॅडम. शुगरनं बोटं बधिर झाले. ठिपके नाई कयत." ते सहज सांगत होते. "हे हादरे तेवढे लागतात. पान चालू आहे एवढं समजते. वाचते ती."

म्हणजे अर्धं पुस्तक त्यांनी असं छापलं होतं. स्वतःला वाचता न येणारं. ज्या लिपीनं त्यांना शिकवलं, नोकरी दिली, ती त्यांच्याच बोटांतून निघून गेली होती, आणि ते ओळीमागून ओळ दुसऱ्या बोटांसाठी लिहीत होते. मी स्क्रूड्रायव्हर उचलून उगाच डब्याचे स्क्रू पुन्हा आवळत बसले.

"सर," वर्षा ओरडली, खडखडीच्या वर आवाज काढून, "तिसऱ्या ओयीत वजाचं चिन्ह सुटलं!"

"सुटलं का? सांग, सांग," म्हणत सर वळले. त्यांच्या चेहऱ्यावरचा तो आनंद! चूक सापडल्याचा इतका आनंद मी कोणाला झालेला पाहिला नाही.

उरलेल्या पट्ट्या मी घरी नेऊन तपासल्या. त्यातल्या दोन चालू निघाल्या. त्या कागदात गुंडाळून सरांकडे पोचवल्या, अडीअडचणीला असू द्या म्हणून.

मार्चमध्ये वर्षानं पूर्ण गणिताचा पेपर दिला. तिच्यासाठी लिहायला जी मुलगी बसवली, ती नियमाप्रमाणे खालच्या वर्गातली. तिनं वर्गसमीकरण कधी पाहिलेलं नव्हतं. वर्षानं मला नंतर सांगितलं, "प्रत्येक चिन्ह सांगा लागलं, ताई. कंस उघड, कंस बंद कर, वर लहान दोन लिही. ते पोट्टी घाबरून गेली होती. मीच तिले म्हटलं, तू घाबरू नको, तुले नाई येत तरी चालते, मले येते." मॅडमची ताई केव्हा झाले ते मला कळलं नाही.

वर्षा पास झाली. नुसती पास नाही, चांगल्या गुणांनी. मी पेढे घेऊन अकोल्याला जायचं म्हणत राहिले आणि दुकानाच्या धबडग्यात राहूनच गेलं, याची चुटपुट आहे. मग पावसाळा संपता संपता सरांचाच फोन आला.

"मॅडम, तुमी दिलेली एक पट्टी काल लावली. आता एकच उरली. आनखी पाहून ठेवा."

"इतकं काय छापताय सर? वर्षा तर अकरावीत गेली."

"तिचं अकरावीचं चालूच आहे. पण यंदाच्या दहावीच्या पोरी हायेत न. चौघीच्या चौघी म्हणतात, आमाले सवलत नाई पाहिजे." ते हसले. "वर्षा संध्याकायी शिकवते त्यायले. आयका."

त्यांनी फोन पुढे धरला असावा. यंत्राची खडखड होती, आणि तिच्यावरून मुलींचा कल्ला. दोघींचं कडाक्याचं भांडण लागलं होतं. एक म्हणत होती उत्तर अधिक तीन आहे, दुसरी म्हणत होती उणे तीन, अन् माहं चुकूच शकत नाई. मग खडखड थांबली आणि वर्षाचा आवाज आला.

"दोघीचंही बरोबर आहे. वर्गसमीकरण आहे ते. दोन्ही लिवा."

पलीकडे एकदम शांतता झाली. इतकी, की कोणाच्या तरी बोटाखाली जाड कागद सरकला तो मला अमरावतीत ऐकू आला.